मेंढ्या चरत नव्हत्या

१९९४ साली आमची बटालियन काश्मीर खोऱ्यात होती व मी हवालदार होतो. मूळ गाव कळस, तालुका इंदापूर; शिक्षण सातवी. सध्या इंदापुरात कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो. माझ्या मसुद्यात साहेब लोकांनाही खोडण्यास जागा सापडत नाही. तरीही पुढील बाब मी आजवर कोणत्याही कागदावर नमूद केलेली नाही.

रोज पाचला हजेरीचे फॉल-इन, साडेपाचला रोड ओपनिंग पार्टी बाहेर. आठला लष्करी गाड्यांचा कॉन्व्हॉय जाण्यापूर्वी चार किलोमीटर रस्ता सुरुंगांसाठी पायी तपासायचा. पुढे लान्स नाईक ज्ञानदेव, पणदऱ्याच्या माळवे, म्हणजे भाजीपाला, पिकवणाऱ्या घरातला. त्याच्या मागे मी, रेडिओसह.

त्या दिवशी सहा चाळीसला रस्त्याखालची मोरी दोनशे पावलांवर होती. डाव्या उतारावर मेंढ्या होत्या, मेंढपाळ नव्हता. सर्व मेंढ्या एकमेकींना चिकटून, माना वर, तोंडे नाल्याच्या झाडीकडे. एकही चरत नव्हती.

आमच्या घरी पूर्वी मेंढ्या असत. कळप असा उभा राहिला की वडील हातची भाकरी खाली ठेवून काठी उचलत. लांडगा दिसण्याची वाट ते पाहत नसत. मी थांबलो.

ज्ञानदेव वळून हसला. "काय तात्या, मेंढरं बघून गाव आठवलं व्हय?"

"ज्ञानबा, ती चरंनात."

"पोट भरलं आसंल त्यांचं. आपलंच रिकामं हाय. चला."

तेवढ्यात रेडिओ खरखरला, आमच्या पार्टीला हाक. "चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर."

मेंढ्या चरत नाहीत, असे कळवले असते तर मेसमध्ये महिनाभर माझे हसे झाले असते. पुरावा काही नव्हता. मी बटण दाबले.

"चार्ली टू. ऑल ओके. ओव्हर."

सहा चव्वेचाळीसला मोरी उडाली. स्फोटकाची तार नाल्याच्या झाडीत दबून बसलेल्यांपर्यंत नेलेली होती. ज्ञानदेव जागीच गेला. वय सव्वीस.

चौकशीत मी वेळा अचूक सांगितल्या. मेंढ्या सांगितल्या नाहीत.

पेन्शनीवर आल्यापासून दरवर्षी पणदऱ्यास त्याच्या आईकडे जातो. चहा घेतो व परततो. गेल्या वर्षी त्या मळ्यात वांगी तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हवालदार, दर साली येतूस आन् कायतरी गिळून जातूस. काय हाय ते बोल की."

मी सर्व सांगितले, वेळेसह. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी तुला कळलं हुतं."

"व्हय, मावशी."

"मग ह्याम्होरं कळलं की बोलत जा. हसली लोकं तर हसू दे." त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. सरी संपेपर्यंत मी वांगी तोडली.

आठवड्याने कळंबची एक विधवा दिरासह टेबलाशी आली. जमिनीवरील हक्क सोडल्याचा मसुदा हवा होता. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दीरच देत होता. रिवाजाप्रमाणे मी मसुदा मोठ्याने वाचला. "राजीखुशीने" या शब्दाला तिने शाई लावलेला अंगठा मुठीत घेतला. उतारावरचा तो कळप आठवून मी शाईचे पॅड मिटले.

"वाचलं न्हवं? घ्या अंगठा," दीर म्हणाला.

"घेत नाही."

"कायद्यात काय बसत न्हाय?"

"कायद्याचे सर्व ठीक आहे. मला ठीक वाटत नाही."

शेजारचा स्टॅम्पवाला मोठ्याने हसला. "फौजीला सपान पडलं वाटतं!"

दिराला मी लिंबाखाली जाऊन थांबण्यास फर्मावले. मग विचारले, "बाई, तुमच्या मनात काय हाय?"

"लेकींसाठी रान ठिवायचं हाय," ती पुटपुटली. "घरात बोलू देत न्हाईत."

मसुदा मी तिच्यासमोर फाडला.

आता वाचून झाल्यावर मी कागदाऐवजी माणसाकडे पाहतो. रेडिओवरची ती 'रिपोर्ट'ची हाक अजून ऐकू येते. उत्तर देण्यास मी वेळ घेतो.

लान्स नाईक ज्ञानदेव, मुक्काम पोस्ट पणदरे, तालुका बारामती, यांच्या स्मरणार्थ येथे प्रथमच लेखी नमूद करतो की, त्या सकाळी मेंढ्या चरत नव्हत्या, व ते मला दिसले होते.