हॉर्नची तपासणी

नाव: श्री. रत्नपाल वाल्मिक इंगळे. वय: एकोणपन्नास. पद: प्रदूषण तपासनीस. अनुभव: धूळ-निर्मूलन, बावीस वर्षं. प्रकृती: उत्तम.

धूर-तपासणी केंद्राच्या परवान्यासाठी हा अर्ज १९९९ साली गॅरेजमालक यशवर्धननं भरला. धूळ-निर्मूलन म्हणजे इंदूरच्या गिरणीतलं कापूस पिंजायचं खातं. तिथे तंतूंनी हवेची नळी तुंबली की रत्नपाल तोंडाला रुमाल बांधून सळई खुपसायचा. गिरणी बंद पडली. खोकला त्याच्याकडे राहिला. तो दिसला तर हीही नोकरी जाणार, म्हणून गिऱ्हाइकासमोर उबळ आली की रत्नपाल गाडीचा हॉर्न तपासायचा. लांब.

दिल्लीहून बदलून आलेल्या एका साहेबांची गाडी चढावर धापा टाकू लागली. तिच्या सायलेन्सरआधी धूर निर्विष करणारा डबा होता. त्याला बिनशिशाचं पेट्रोल लागे. शिशाच्या पेट्रोलची नळी टाकीच्या अरुंद तोंडात जाईना, तेव्हा साहेबांनी वर्षभर नरसाळं लावून तेच भरलं. रत्नपालनं डबा उघडला. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, लिंपून गेलेली. तुंबलंय म्हणजे सळई! जाळीचा चुरा तोंडावर आला. गाडी सुसाट. साहेब खूश.

यशवर्धननं कंपनीची पुस्तिका नंतर वाचली.

"काकाजी, त्या जाळीवर प्लॅटिनमचा मुलामा असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच्यावरून गेला की जहर राहत नाही."

"म्हणजे गाळते ती?"

"गाळत नाही, बदलते. साहेबांच्या शिशानं मुलामा झाकला होता, तुम्ही जाळीच उडवली."

"आमच्या गिरणीत असं काही नव्हतं, भिया."

"हे गाड्यांसाठी असतं, काकाजी."

पण साहेबांनी ऑफिसात पिकअपचं कौतुक केलं होतं. आणखी गाड्या आल्या. "वो जाली निकाल दो."

"मी आता नाही काढणार," रत्नपाल यशवर्धनला म्हणाला.

"नका काढू. पण ती खांसी दुसरीकडे कोण ठेवून घेईल तुमची, सांगा ना."

रत्नपालनं सळई उचलली. त्यानंतर तो जाळी काढायचा, मग त्याच गाडीच्या धुराड्यात तपासणीची नळी घालून, मागे उकिडवा बसून, कागदावर 'योग्य' लिहायचा. इंजिन चालू, शटर अर्धं खाली. हॉर्न आता दर गाडीला वाजू लागला.

फेब्रुवारीत परवान्याच्या नूतनीकरणाला अधिकारी आले. अर्धा तास बसले, चहा घेतला आणि शेरा लिहिला: 'केंद्राचे काम समाधानकारक. तपासनीस अत्यंत दक्ष. नियमात नसतानाही प्रत्येक वाहनाचा हॉर्न तपासतात.'

मार्चमध्ये रत्नपाल वारला.