त्रेचाळीस दातांचा क्राऊन

मसोलीच्या गॅरेजवाल्या काकांना गाडीचं काहीही विचारा, ते आधी विचारणार, "जाणार कुठे?" उत्तर मिळाल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. आणि उगाच गिअर बदलणारा दिसला, की भर रस्त्यात झापायचे.

माझ्या जुन्या जीपचे दोन्ही अ‍ॅक्सल त्यांनी खोलले होते. आतलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राऊन, मला एकोणचाळीस दातांचा हवा होता; त्याने गाडी हायवेला पळते. त्यांनी त्रेचाळीसचा पुढे केला. "हा ओढतो. तुझी वाडी चढावर."

"मग निदान पुढच्या अ‍ॅक्सलला तरी एकोणचाळीसचा टाका."

"पुढे एक, मागे दुसरा? फोर-व्हील टाकलीस की गाडी स्वतःशीच भांडत बसेल, भाई."

शेवटी त्यांचंच चाललं. तलासरीकडे ट्रायलला निघताना मी चावी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "ह्याला आता क्लच झेपत नाही," म्हणाले आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

चढ आला. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली, तेव्हा शेजारी काहीतरी हललं. काका बाहेर बघत होते, पण त्यांच्या डाव्या पायाने माझ्याबरोबरच खालचा पत्रा दाबला होता. गिअर पडल्यावर तो पाय सावकाश सुटला.

जीप आरामात चढली. पुढे सगळा सपाट रस्ता होता, तिसऱ्यात मस्त चालली असती. मी मुद्दाम दुसऱ्यात घेतली, मग तिसऱ्यात, मग पुन्हा दुसऱ्यात.

काका एकदाही ओरडले नाहीत.