अज्ञात कोण, कुठल्या गावचा?

तारीख २६ जानेवारी. वेळ सकाळी दहा. जागा आमच्या गावचं संग्रहालय, नव्या दालनाचं उद्घाटन.

हजर: अध्यक्ष अप्पासाहेब. त्यांचे दोन चुलतभाऊ, दोघंही उपाध्यक्ष. इतिहासाचे निवृत्त सर, मार्गदर्शक. जाफराबादहून आलेले प्रमुख पाहुणे. शाळेची सहावी, रांगेत. आणि माझे वडील, भिंतीला टेकून उभे. खुर्च्या वीस होत्या. त्यातली एक पुष्पगुच्छांना दिली होती. वडिलांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

हजेरी मी लिहिते. दहा वर्षं लिहितेय. लिहिणाऱ्याचं नाव यादीत येत नाही.

अप्पासाहेबांनी वडिलांकडे पाहिलं. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांचा चेहरा उजळला. माणूस भेटल्यावर उजळतो तसा नाही. बाजारात हवी ती वस्तू दिसल्यावर उजळतो तसा.

"ए म्हातारबा, इकडं ये. ह्या पेटीजवळ उभा राहा. बराबर. काठी पुढं धर. सायेब, घ्या फोटो, हे आमचं जिवंत प्रदर्शन!"

पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून उपाध्यक्ष हसले. मग अप्पासाहेब माझ्याकडे वळले.

"तुमचेच वडील ना, बाई? बिलकुल बेस्ट झालं. त्यांना म्हणा हसू नका, फोटोत गंभीर पाहिजे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. ठाऊक असून केलं.

वडिलांना मीच बोलावलं होतं. त्या पेटीत त्यांची कातर होती. चाळीस वर्षं त्यांनी तिनं मेंढरं कातरली. ती काचेत कशी दिसते ते बघायला ते आले होते.

संग्रहालय कसं वाढलं तेही इथं लिहिते, कारण संस्थेच्या छापील पत्रकात ते वेगळं आहे. आधी ते वाचनालयातलं एक कपाट होतं. कपाटात अप्पासाहेबांच्या आजोबांची पगडी, चष्मा आणि एक मोडकी छत्री. बघायला कुणी येईना. सर म्हणाले, लोकजीवन पाहिजे. मग लोकजीवन आणायला मला पाठवलं. मी शाळेत कारकून, रविवार मोकळा. काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर जातं घेऊन मी वस्त्या फिरले. मोट आणली, पेरणीचं चाडं आणलं, घोंगड्या आणल्या. लोकांनी वस्तू धुऊनपुसून दिल्या. एका घरानं तर हळदकुंकू लावून दिली. "पोरं बघतील ना? मंग ने."

कपाटाची खोली झाली. खोलीची तीन दालनं झाली, अप्पासाहेबांच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. आता सहली येतात. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांनाही गाव अभिमानानं तिकडे नेतं. छत्री बघायला कुणी जात नाही, जातं बघायला जातात. तरी छत्रीच्या पाटीवर तीन ओळी आहेत: कुणाची, कुणाच्या नातवानं दिली, कुणाच्या हस्ते स्वीकारली. छत्रीला वंशावळ आहे.

जात्याच्या पाटीवर काय लिहायचं ते मी अप्पासाहेबांना विचारलं होतं.

"ह्या लोकांची नावं टाकत बसलो तर पाटीवर जागा उरायची न्हाई, बाई. अज्ञात लिहा. मोठ्या संग्रहालयात असंच असतंय."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्रेचाळीस पाट्यांवर सुवाच्य अक्षरात अज्ञात. त्यातली एक माझ्या बापाची. हात थांबला नाही. वाटलं, रीत असेल. त्यांच्या रीतीला मी शहाणपण समजत होते, हे आधी लिहून टाकते.

तर त्या सकाळी फोटो झाला. सर छडी घेऊन पेटीपाशी आले आणि मुलांना सांगू लागले.

"ही कातर बघा. पाती उलटी बसवलीत. शास्त्रीय ज्ञान नसलं की कारागिराकडून अशा चुका होतात."

वडील अजून तसेच उभे होते, काठी पुढं धरून. तिथूनच म्हणाले, "उलटी न्हाई वो मास्तर. म्या डावरा हाय."

मुलं खुदकन हसली. वडिलांना हुरूप आला. त्यांनी काठी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं, नसलेलं मेंढरू कातरून दाखवलं. "जाफराबादच्या लोहाराकून मुद्दाम करून घेतल्ती. उजव्या कातरीनं कातराया गेलो की मेंढराचं कातडं निघायचं. बिचारं वरडायचं."

"ते ठीक आहे आजोबा," सर म्हणाले, "पण नोंदीत तसं नाही."

कातरीचा मालक समोर बोलतोय आणि हा विद्वान नोंदीकडे बघतोय. अशी माणसं आमचा इतिहास लिहितात.

वडिलांना वाचता येत नाही. ते मला म्हणाले, "काय लिवलंय गं तिथं? वाच."

मी वाचलं. मजकूर सरांचा, अक्षर माझं. "मेंढ्या कातरण्याची कातर. कारागिरी सदोष. अज्ञात मेंढपाळाकडून."

ते विचारात पडले. खरोखर आठवू लागले.

"अज्ञात कोण? कुठल्या गावचा? आपल्यात तर ह्या नावाचं कोणी न्हाई."

एक उपाध्यक्ष इतके हसले की त्यांना काचेवर हात टेकावा लागला. "म्हातारबा, अज्ञात म्हंजी तूच!"

"म्या?" वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "मंग माझं नाव तुला म्हाईत नव्हतं का?"



पेट्यांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, कारण धूळ मी पुसते. मी पेटी उघडली. पाटी काढली. सगळ्यांदेखत पेनानं खोडली आणि खाली लिहिलं: डाव्या हाताची कातर. दगडू सखाराम यांची. त्यांनी स्वतः दिली.

"काय तमाशा लावलाय? पाहुणे बसलेत," अप्पासाहेब म्हणाले. "जल्दी बंद करा ती पेटी."

"बसलेत ना. देणारा उभा आहे."

कुणी उठलं नाही. मी पुष्पगुच्छ उचलून जमिनीवर ठेवले. ती खुर्ची ओढून पेटीपाशी आणली. "दादा, काठी खाली ठेवा. बसा."

ते बसले. मग अप्पासाहेब जवळ आले, आवाज खाली आणून, समजुतीनं बोलल्यासारखं म्हणाले, "बापाचं नाव घातलंत ना? झालं मंग. बाकीच्यांचं तुम्हाला काय पडलंय? किल्ल्या द्या इकडं."

"बेचाळीस पाट्या राहिल्यात. त्या झाल्या की देते."

किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत. दोनदा निरोप आला. तिसऱ्यांदा सर स्वतः आले, संस्थेची प्रतिष्ठा वगैरे बोलले, चहा पिऊन गेले. संस्थेची प्रतिष्ठा त्या छत्रीखाली उभी असेल तर तिनं भिजावं.

त्या दिवशीच्या हजेरीत मी शेवटी माझं नाव घातलं. मग घरी येऊन जुनी वही काढली. वस्तू आणताना मी प्रत्येकीची नोंद केली होती: वस्तू, गाव, देणाऱ्याचं नाव. अप्पासाहेबांना जे अज्ञात, ते सगळे माझ्या वहीत होते. रोज थोड्या पाट्या लिहिल्या. एक्केचाळीस झाल्या.

क्रमांक सतरावर थांबले. वहीत असं आहे: काळी घोंगडी. लांबी सात हात. टेंभुर्णी. एक म्हातारी.

तिच्या ओट्यावर मी चहा प्यायले होते. घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ कशी शिजवायची ते तिनं सांगितलं, तेही मी लिहून घेतलंय. घोंगडी दोनदा मोजली. नाव विचारलं नाही. हे अप्पासाहेबांनी सांगितलं नव्हतं. हे माझं.

वहीवरून तिचं घर सापडेल. ती असेल का, माहीत नाही. नसली तर तिच्या पोरासोरांना विचारीन, त्यांना नसलं ठाऊक तर शेजारी विचारीन. अमक्याची आई, तमक्याची बायको असं लिहून आणणार नाही. तोवर पेटी सतरा उघडी राहील, पाटी कोरी राहील, आणि अध्यक्षांना किल्ल्या मिळणार नाहीत.

रविवार, पहिली काळीपिवळी, टेंभुर्णी. क्रमांक सतरा: नाव विचारणे. बाकी.