चुकल्याचा एक गुण

सँडीफोर्डमधल्या एका हौशी संघात मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो. काम एकच, गोल मारणं. पन्नाशी आली म्हणून तरुण आयरिश कप्तानाने बजावलं, "आज हरलो तर तू कायमचा बाकावर, आजोबा!"

शेवटची किक माझी होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. बायको ओरडली, "अहो, गुडघा सांभाळा!" मी तिला झोकात मुजरा केला आणि मग किक मारली. चेंडू मधल्या दोन खांबांमधून न जाता शेजारच्या फटीतून गेला. या दिलदार खेळात तसं चुकलं तरी एक गुण मिळतो. बरोबरी!

कप्तानाने कपाळाला हात लावला.

"हरलो का आपण?" मी विचारलं.

"नाही, पण..."

"मग रविवारी येतो बूट घालून."