नावाडी अकरा वेळा मेला

आमच्या शेजारचे काकासाहेब गेले काही दिवस एका म्हाताऱ्याचा रोज जीव घेत होते. दचकू नका. टीव्हीवर घेत होते. आणि खरं तर घ्यायचा नव्हता, वाचवायचाच होता. पण तो वाचत नव्हता.

सिडकोतली आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यांच्याकडे लसणाची फोडणी पडली की ठसका मला लागतो. त्यामुळे मी कान लावून ऐकते असा आळ कुणी घेऊ नये. ऐकू येतं, त्याला मी काय करू?

काकासाहेब म्हणजे वाळूजच्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. कोण किती मिनिटं उशिरा आलं, हे लिहिण्यात जन्म गेला. स्वतः कधी एक मिनिट उशिरा नाहीत. स्वतःच्या लग्नात भटजींना घड्याळ दाखवून घाई करत होते म्हणे. हे मला त्यांच्या बायकोनं, मंजुषानंच सांगितलंय, म्हणजे खरं असणार.

रिटायर झाल्यावर पहिल्या दिवाळीला लेक अपेक्षा पुण्याहून आली आणि तिनं आपला जुना गेमचा डबा टीव्हीला जोडून दिला. "बाबा, यात मारामारी नाही. गोष्ट आहे. पुढं काय करायचं ते तुम्ही निवडायचं."

गोष्ट कुठल्याशा परदेशी गावातली. नदी, एक म्हातारा नावाडी आणि त्याचा मुलगा. मुलगा म्हणजे आपण, बटणं दाबणारे. नावाडी आजारी पडतो. मग पडद्यावर हिंदीत दोन पर्याय येतात: वादळात नदीपलीकडं डॉक्टरकडं न्यायचं, की झोपडीतच ठेवायचं? खाली एक पांढरी पट्टी आक्रसत जाते. ती संपायच्या आत बटण दाबायचं. काकासाहेब पट्टी अर्धी व्हायच्या आत दाबायचे. नेला तर म्हातारा नावेत मरायचा, ठेवला तर झोपडीत.

"आज मेला का हो भाऊजी?" मी रोज दुपारी भिंतीवरून विचारायची.

"मेला." ते कसनुसं हसायचे. "आज कुत्र्याला मासा टाकला होता, वहिनी. काल नव्हता टाकला. तरी मेला."

"मग उद्या कुत्र्यालाच डॉक्टरकडं न्या."

एका वहीत त्यांनी तक्ता आखला होता. किती वाजता निघालो, कुत्र्याला काय घातलं, शेजारणीशी गोड बोललो का, छप्पर शाकारलं का. शेवटच्या रकान्यात अकरा वेळा एकच शब्द: मयत. मी पोट धरून हसले. अख्ख्या गल्लीला सांगितलं. विशाखाच्या भिशीत तर मी त्यांची नक्कलही केली.

पण हळूहळू मला ते चैन पडू देईनात. डाव संपला की माणूस अंगणात येरझाऱ्या घालायचा. पाण्याची मोटर चालू करायचा, बंद करायचा. चपला सरळ लावायचा, परत वाकड्या करायचा. स्कूटर बाहेर काढायची, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत आणून लावायची. त्यांच्या फेऱ्या बघून माझ्याच हातातली कामं अर्धी राहायला लागली. शेवटी मी मंजुषाला मागच्या दारात गाठलं.

तिनं सांगितलं ते ऐकून मला भिशीतली माझी नक्कल आठवली.

काकासाहेबांची आई चतुराबाई लासूर स्टेशनहून इथं आलेल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. पोट दुखतं, ॲसिडिटी आहे, एवढंच सांगितलं होतं. ती ॲसिडिटी नव्हती. गाठ होती. डॉक्टर म्हणाले, वय ब्याऐंशी. ऑपरेशन केलं तर टेबलावरून उठतीलच असं नाही, नाही केलं तर किती दिवस ते सांगता येत नाही. पंधरा दिवसांत कळवा. म्हातारीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. आपल्याकडं तशीच रीत आहे ना. ज्याचं दुखणं त्याला गोळी द्यायची, आणि निकाल पुढच्या खोलीत लावायचा.

धाकटा भाऊ सोमनाथ लासूरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात अडतीवर असतो. काकासाहेबांनी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "तूच ठरव. मागच्या टायमाला बी तूच ठरविलं व्हतं."

मागची वेळ म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, छातीत कळ आली तेव्हा सोमनाथ म्हणत होता, गावातल्या डॉक्टरलाच बोलावू, हलवायला नको. काकासाहेबांनी ऐकलं नाही. गाडीत घातलं आणि शहराकडं निघाले. दौलताबादच्या अलीकडं वडील गेले. तेव्हापासून दोघं भाऊ लग्नकार्यात एकमेकांना पान वाढतात, बोलत नाहीत.

"म्हणून ते बसतात त्या गेमसमोर," मंजुषा म्हणाली. "एखाद्या रस्त्यानं तरी नावाडी जगतो का, ते बघायचंय त्यांना."

"आणि जगला तर?"

"तर मग दादांना आपणच मारलं, असं धरून बसतील."

"आणि नाहीच जगला तर?"

"तर आईंचं ठरवून तरी काय उपयोग, म्हणतील. दोन्हीकडून फास आहे बाई."

त्याच संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. "बाबा, सोडा ना तो गेम. काहीही निवडा, नावाडी मरतोच. नेटवर लोक किती चिडलेत! निवडायला लावता आणि शेवट एकच ठेवता, ही फसवणूक आहे म्हणून."

"काहीही केलं तरी?"

"काहीही केलं तरी."

काकासाहेबांनी मोठा श्वास सोडला. चहा मागितला, आणि तो कपात तसाच ठेवून दहा मिनिटांनी परत अंगणात. "तिला काय माहीत? सगळे रस्ते चालून बघितलेत का कुणी?"

डॉक्टरांना कळवायला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेपूची भाजी घेऊन त्यांच्याकडं गेले. बाराव्यांदा खेळ चालू होता. नावाडी अंथरुणावर, पट्टी सुरू. आता मी कधी गप्प बसलेय का?

"भाऊजी, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या सखारामनं गच्चीवर शेळी नेऊन बांधलीय. जिन्यानं चढली, आता उतरायला तयार नाही."

"शेळी? गच्चीवर?" काकासाहेबांनी मान वळवली. तेवढ्यात टीव्ही टिंग करून वाजला.

"वहिनी! पट्टी गेली!" माणूस असा ओरडला की वाटावं, कंपनीचा भोंगाच चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा वेळ हुकली होती.

आणि मग जे अकरा वेळा झालं नव्हतं ते झालं. नावाड्यानं डोळे उघडले. मुलाकडं बघून तो हिंदीत म्हणाला, "बोलत नाहीस ना? बरं. मग मी बोलतो. मला नावेत बसव. पलीकडं नको. काठालाच बांधून ठेव." मुलानं त्याला उचलून नेलं. म्हातारा पाण्यात हात सोडून बसला, मुलाला कुठल्या तरी पुराची गोष्ट सांगितली, हसला, आणि मेला.

बाराव्यांदाही मेलाच. पण काकासाहेबांनी वही उघडली नाही. रिमोट खाली ठेवला आणि सरळ आतल्या खोलीत गेले. मी भाजी हातात घेऊन दारात. जायला हवं होतं, नाही गेले.

"आई, तुला ॲसिडिटी नाय."

"मला म्हाईत हाय. ॲसिडिटीला त्या नळकांड्यात घालत्यात व्हय?"

"पोटात गाठ हाय. कापायची का नाय, ते ठरवायचंय."

"कोन ठरिवतंय?"

"मी."

"प्वाट कुनाचं हाय?"

काकासाहेब खाटेच्या कडेला बसले. म्हातारीनं मग एकेक विचारलं. कापलं तर काय, नाय कापलं तर काय. त्यांनी एकेक सांगितलं, काही न लपवता.

"तू काय म्हनतो?" तिनं विचारलं.

"मला नाय कळत, आई."

"बरं झालं. लई वर्सांनी खरं बोलला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कापा म्हनावं. दुखनं कवटाळून मी कुढत बसनार नाय. पर सोमनाथाला बोलीव. सही दोघांची पायजे. मागनं एकानं दुसऱ्याच्या नावानं बोंब मारायची नाय."

मला राहवलं नाही. "आजी, भ्या नाय वाटत?"

"तुझी शेपूची भाजी खाऊन जित्ती हाय. आता कशाचं भ्या?"

आज ऑपरेशन आहे. सकाळी आठला आत नेलं. कागदावर सहीला एकच रेघ होती, तिच्यावर दोघांनी दाटीवाटीनं सह्या केल्या. मी घरात या खिडकीतून त्या खिडकीत करतेय. मंजुषाचा आतापर्यंत तीनदा फोन आला. दोनदा तर अजून काही कळलं नाही, एवढंच सांगायला.

तिसऱ्यांदा ती हळू आवाजात बोलत होती. दोघं भाऊ बाकड्यावर शेजारी बसलेत म्हणे. मग सोमनाथनं खाली बघत विचारलं, "दादा गाडीत काय बोलले व्हते?" नऊ वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं.

काकासाहेब म्हणाले, "पेरूच्या गाड्या दिसल्या रस्त्याला. म्हणले, थांब, आईसाठी घे. मी नाय थांबलो. घाई होती."

सोमनाथनं बाकड्याखालच्या चपला सरळ लावल्या. मग म्हणाला, "मी बी नसतो थांबलो."