भिगवणच्या तात्यांची रिकामी होडी

नौदलाच्या कचेरीकडे पहिला अर्ज चैत्रात गेला, पोच नाही. दुसरा श्रावणात, उत्तर ‘विचाराधीन’. मार्गशीर्षात पाहणी, पौषात शेरा. आवक विभाग, तांत्रिक विभाग आणि पाहणीस आलेले अधिकारी, या तिघांस मी जबाबदार धरतो. अर्ज मी लिहिले. सही नेव्हीतात्यांची होती.

नौदलातून निवृत्त होऊन भिगवणला राहिलेले तात्या कोणत्याही होडीजवळ सरळ जात नसत. उजनीच्या पाण्यावर ओळखीचा मासेमार दिसला, तरी लांबूनच म्हणत, "आदी दोनी हात दाव, मग राम राम घेतो." लोक हसत. कारण मला ठाऊक होते. नव्वदीच्या सुरुवातीला, दक्षिणेच्या समुद्रात, बंडखोरांच्या संशयित नौकेची झडती घ्यायला तात्यांनी आपल्या जोडीदाराला पाठवले होते. नौकेत स्फोटके होती; ती उडाली.

"म्याच म्हनलं त्याला, तू हो फुडं," एवढेच ते सांगत.

म्हणून वालचंदनगरच्या एका निवृत्त फिटरकडून त्यांनी काठावरून रेडिओने वळणारे सुकाणू करून घेतले आणि शेतपंपाचे इंजिन होडीत बसवले. झडतीला आधी रिकामी होडी जावी, माणूस मागे राहावा, एवढीच मागणी होती. मी अर्जात ‘मानवरहित नौका’ लिहिले, तेव्हा म्हणाले, "दिनकरराव, मानूस न्हाय असं नका लिवू. मानूस वाचतो, असं लिवा."

उजनीवर रीत आहे: रिकामी होडी वाहताना दिसली की कोणी बुडाले असे धरून सगळे जाळी सोडून धावतात. पाहणीची वर्दी भिगवणकरांना दिली होती. पलीकडच्या काठाला द्यायची राहिली. ती चूक माझी. होडी तात्यांच्या हुकमात झकास वळत होती, तोच पलीकडून चार होड्या आल्या. एकाने तात्यांच्या होडीचे इंजिन बंद केले, दोघांनी बुड्या मारल्या.

"तात्या, ह्यातला मानूस कुठं हाय?"

"कुनीच न्हाय रं."

"मग हाकली कुनी? तुमच्या आज्यानं?"

अधिकारी पोट धरून हसले. तात्या म्हणाले, "साहेब, धा मिनिटं थांबा. परत सोडतो."

"चहा घेऊन येतो, तात्या." जीप हमरस्त्याला लागली ती परतली नाही. बुड्या मारून कुडकुडणाऱ्या दोघांना तात्यांनी आपली धोतरे नेसायला दिली. मी चिडलो, तर म्हणाले, "बुडालेल्याला काडाया आली ती. त्यांना काय बोलू?"

शेरा आला: ‘नौका नियंत्रणाबाहेर. प्रस्ताव निकाली.’ हे असत्य आहे. नौका नियंत्रणात होती; माणसांनी ती अडवली. पण तात्यांनी फेरअर्ज लिहू दिला नाही. पाण्याकडे जाणेच सोडले, आणि उन्हाळ्यात गेले. त्यानंतर मी अपील केले. अर्जदार मयत असल्याने दाखल होत नाही, असे कळवण्यात आले.

झडतीला आजही माणूसच पुढे जातो. दुसरी फेरी का पाहिली नाही, याचे उत्तर शेऱ्यावर सही करणाऱ्याने नावानिशी, जाहीर द्यावे. आणि पुढच्या झडतीला ज्याला पाठवाल, त्याच्या घरी ते उत्तर तो निघण्याआधी पोहोचवावे.