आबांचे दात सायकलवर

बडोदा ते देवगड तालुक्यातलं आमचं गाव, हा सायकल दौरा मी आखला तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. लालबागचं घर बरोबर मधोमध येत होतं. चारेकशे किलोमीटर अलीकडे, साडेचारशेच्या आसपास पलीकडे. मग विश्रांतीचा दिवस घरीच काढायचा, लॉजचा खर्च कशाला? माझा जोडीदार पुण्याचा, अनुभवी. तो म्हणाला, "घरी थांबू नकोस. दौरा घरीच संपतो." आणि स्वतः दादरला लॉजवर उतरला.

मी त्याला हसलो होतो. पण तिसऱ्या मजल्यावर सायकल चढवून गॅलरीत टेकवली तेव्हाच मनात ठरून गेलं, की आता ही खाली उतरवायची नाही. पाय ठीक होते, गुडघे ठीक होते. ज्या भागावर माणूस सायकलवर बसतो तो भाग मात्र सोलून निघाला होता. पन्नाशी जवळ आलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. दौरा सोडायला काहीतरी इभ्रतीचं कारण हवं होतं. गुडघा दुखणं हे इभ्रतीचं कारण आहे. बूड दुखणं नाही.

सकाळी ताट घेऊन मी ओट्यापाशी उभा राहून जेवू लागलो. आईने बघितलं.

"उभ्यान कित्याक जेवतंस? लग्नाक इलंस?"

"पाय मोकळे करतोय."

बायकोने स्टूल पुढे सरकवलं आणि हातात फडकं दिलं. "बसायचं नाहीच आहे, तर पंखे पुसून घ्या." माझ्या विश्रांतीच्या दिवशी मी दोन खोल्यांचे तीन पंखे आणि माळ्याची वरची कड पुसली. बडोद्यापासून एवढी मान दुखली नव्हती.

दुपारी औषधाच्या दुकानात गेलो. मलम मागितलं. दुकानदाराने विचारलं, "कुठे लावायचंय?" मागे रांगेत आमच्याच चाळीतले दोघे. मी म्हणालो, "हाताला." त्याने दुखऱ्या हाताला चोळायचं झणझणीत मलम दिलं. ते तिथे लावल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

परत आलो तर खोलीत पाकिटं जमली होती. आमच्या चाळीत कुणी गावाला निघालं की प्रत्येक घरातून काहीतरी येतं. ही रीत मी जन्मापासून बघतोय, तरी आपण सायकलने चाललोय म्हणून सुटू, असं मला वाटलं होतं. बॅग तोलायचा काटा काढला. एक किलो चिवडा, कुकरची रिंग, कुणाच्या तरी सासूबाईंचा चष्मा आणि दीड किलो मालवणी मसाला. मालवणी मसाला लालबागहून सिंधुदुर्गात का जावा, हे मी विचारलं. "तिथला नीट दळत नाहीत," आई म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. हातात साबणाची प्लास्टिकची डबी.

"हे तेवढं आमच्या भावोजींना दे."

त्यांचे थोरले दीर, आमचे सगळ्यांचे आबा. मागच्या महिन्यात मुंबईला आले असताना चकली खाऊन त्यांची कवळी तडकली. परळला दुरुस्तीला टाकली, पण आंब्यावर फवारणी करायची म्हणून आबा ती मिळायच्या आधीच गावाला गेले. तेव्हापासून पेजेवर होते.

"काकू, आज रात्री बसमध्ये कुणाकडे दिलंत तर उद्या सकाळी पोचेल. मला पाच-सहा दिवस लागतील."

"मग? त्यांना कुठे लग्नाला जायचंय?"

"कुरिअर?"

"दात आहेत रे ते. दात कुणी कुरिअर करतं का? तू घरचा माणूस."

काकू गेल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हेच तर इभ्रतीचं कारण! म्हातारा माणूस उपाशी, आणि मी सायकल मारत बसू? आज रात्रीच्या बसने जायचं. दात वेळेवर पोचतील, मसाला पोचेल, आणि बसची सीट गादीची असते. हिशोब सगळ्या बाजूंनी जुळत होता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आबांना फोन करून सांगा तरी. वाट बघू नका म्हणावं."

आबांचा आवाज दातांशिवाय भिजलेल्या पावासारखा येत होता.

"झिला! सायकलीर येतंस मा?"

"आबा, मी म्हणत होतो, बसनेच—"

"बस नको! मी बाजारात सगळ्यांका सांगलंय. माझे दात मुंबयसून सायकलीर येतत. कोणाक खरा वाटना नाय. एक तर म्हणता, बूड सोलतला त्येचा, पनवेलासून मागे फिरतलो."

"कोण म्हणतो?"

"तुका कित्याक व्हया? तू ये. मी पेज खातंय."

फोन ठेवला. बायको हसत होती. आबांचा आवाज फोनबाहेरपर्यंत येत होता.

"काय करणार?" तिने विचारलं.

"त्या माणसाचा पनवेलचा अंदाज चुकीचा आहे. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने समुद्रापलीकडे उतरणार आहोत, पनवेल लागतच नाही."

तिने गुपचूप वेगळं मलम काढून दिलं. तिला कधी कळलं, मी विचारलं नाही. रात्री सामान पुन्हा तोललं. आठ किलोच्या वर न्यायचं नाही हा माझा नियम. जादा टी-शर्ट, टॉवेल आणि वाचायचं पुस्तक बाहेर काढलं. मसाला आतच राहिला. डबी पुढच्या पिशवीत ठेवली, हाताशी. जोडीदाराला सकाळी थेट धक्क्यावर यायला कळवलं.

सकाळी सायकल खाली उतरवली तेव्हा सगळी चाळ गॅलरीत उभी होती. काकू वरून ओरडल्या, "डबी वरती ठेवलीस ना?" बायको कानाशी म्हणाली, "बसताना चेहरा करू नका. सगळे बघताहेत."

मी बसलो. चेहरा केला नाही. हात हलवला, नाक्यापर्यंत तसाच बसून गेलो. वळलो, मागे बघितलं, चाळ दिसत नव्हती. मग पेडलवर उभा राहिलो आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत उभाच गेलो. रस्ता खोदलेला होता. आबांचे दात डबीत खडखडत होते, माझे मी आवळून धरले होते.